क्लचबाई आणि मंगळवारची रांग

क्लचबाईंचं खरं नाव त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर चांगलं ठसठशीत लिहिलेलं होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडली नाही. एकतीस वर्षं त्या गाडी शिकवत होत्या, आणि शिकवताना दर दोन मिनिटांनी "क्लच! अहो, क्लच दाबा!" असं इतक्या खणखणीत आवाजात ओरडायच्या की फुटपाथवरून चालणाऱ्याचाही डावा पाय आपोआप दाबला जायचा. निम्मं शहर त्यांच्या हाताखालून गेलं होतं. जो कुणाला आवरला नाही, त्याला शेवटी क्लचबाईंकडे धाडायचे. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक सहाव्या खेपेला परीक्षा पास झाला तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते, बाईंच्याच डोळ्यांना धार लागली होती.

त्यांचा नियम एकच. गाडीत गाडीचंच बोलायचं. फार पूर्वी एका विद्यार्थ्याने मोडलेल्या प्रेमाची कहाणी सांगता सांगता गाडी विजेच्या खांबाला भेटवली होती. तेव्हापासून बाई पहिल्याच दिवशी बजावायच्या, "मन मोकळं करायचं असेल तर गाडी बाजूला लावा, इंजिन बंद करा आणि खाली उतरा. मग हवं तेवढं रडा."

बावीस वर्षं त्या जिच्याबरोबर राहत होत्या, तिला त्या 'धाकटी' म्हणायच्या. धाकटी म्हणजे चार वर्षांनी लहान, एवढंच. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. बाईंचा जेवढा आवाज, तेवढी हिची शांतता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळं कळत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. कुणी 'मैत्रिणी' म्हणायचं, कुणी 'मावसबहिणी असतील' म्हणून मोकळं व्हायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघींनाही वाटायचं. मूठ झाकून झाकून बोटं आखडतात, हे कळायला धाकटीचं पित्ताशय बिघडावं लागलं.

ऑपरेशन ठरलं. सकाळी नऊ वाजता दवाखान्यातल्या खिडकीपलीकडच्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. "जवळच्या नातेवाईकाची सही."

बाईंनी पेन उघडलं.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"आम्ही एकत्र राहतो."

"घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"म्हणजे घरमालकीण," कारकून म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता, नुसती माहिती होती. "घरमालकिणीची सही चालत नाही. आईवडील, भाऊबहीण, कुणीतरी बोलवा."

आईवडील नव्हते. भाऊ होता, पण अकरा वर्षांत त्याने साधा फोन केला नव्हता. बाईंनी केला. तो चार तासांचा बसप्रवास करून आला. तोवर सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं आणि धाकटी पलंगावर पोट धरून छताकडे बघत पडली. भावाने फॉर्म हातात घेतला. रक्तगट? कुठल्या औषधाचा त्रास? पूर्वीचे आजार? त्याचं पेन पहिल्याच रकान्यावर अडलं. त्याने मान वर केली आणि हळू आवाजात म्हटलं, "ताई, तुम्ही सांगा. मी लिहितो."

बाईंनी सगळं सांगितलं. त्याने लिहिलं आणि खाली सही केली. ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळच्या बसने तो परत गेला. जाताना त्याने बाईंच्या घराचा पत्ता लिहून घेतला.

धाकटी घरी आली आणि पंधरा दिवस सक्तीची विश्रांती पदरात पडल्यामुळे वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायला लागली. एके दिवशी तिने एक बातमी कापून फ्रिजवर लावली. कुठल्याही दोन सज्ञान माणसांना, ती दोघं पुरुष असोत की दोघी बायका, लग्न करता यावं असं विधेयक येत्या अधिवेशनात येणार होतं. खाली सभागृहाच्या सदस्यांची यादी होती, कोण बाजूने, कोण विरोधात. त्यांच्या शहराच्या प्रतिनिधीच्या नावापुढे छापलं होतं, 'निर्णय झालेला नाही.'

"पत्र लिहू या," धाकटी म्हणाली.

"पत्राने काय होतंय? पालथ्या घड्यावर पाणी."

"घडा पालथा आहे की नाही ते तरी बघू."

बाईंनी तीन संध्याकाळी बसून पत्र लिहिलं. पहिल्यात इतका राग होता की धाकटीने ते वाचून नुसतंच पाणी प्यायला दिलं. दुसऱ्यात इतकी अदब होती की विषयच सापडेना. तिसरं बरं झालं. घरात कोरा कागद नव्हता म्हणून ते ड्रायव्हिंग स्कूलच्या छापील कागदावर लिहून पाठवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'रस्ते सुरक्षेविषयी आपण केलेल्या मौलिक सूचनांबद्दल आभार. खड्ड्यांचा विषय संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.'

धाकटी इतकी हसली की टाक्यांची जागा दुखायला लागली. बाईंना मात्र हसू आलं नाही. "बावीस वर्षांचा संसार," त्या म्हणाल्या, "आणि यांनी तो खड्ड्यांत घातला."

दर मंगळवारी दुपारी प्रतिनिधींच्या कार्यालयात लोकांना भेटायची वेळ असायची. बाईंनी दुपारचे दोन धडे पुढे ढकलले आणि रांगेत जाऊन बसल्या. टोकन नंबर चौदा. पुढे गटार तुंबल्याची तक्रार होती, मुलीच्या शाळाप्रवेशाची होती, आणि एक आजोबा होते जे तक्रार नसतानाही दर मंगळवारी यायचे कारण तिथला पंखा चांगला होता. वहीवाला सहायक प्रत्येकाला विषय विचारून लिहून घेत होता.

"विषय?"

"लग्न."

"कुणाचं?"

"माझं."

त्याने पंचावन्न वर्षांच्या बाईंकडे एकदा पाहिलं. "निमंत्रण असेल तर इकडे द्या, मी पोहोचवतो."

"तारीख तुमच्या मॅडमच्या हातात आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आलेय."

प्रतिनिधींना सगळे मॅडमच म्हणायचे. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवायची सवय, समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये न बोलण्याबद्दल प्रसिद्ध. बाईंनी दवाखान्याचं सांगितलं, घरमालकिणीचं सांगितलं, खड्ड्यांचं पत्र टेबलावर ठेवलं. मॅडमचे कान लाल झाले.

"याबद्दल माफी मागते," त्या म्हणाल्या. "पण खोटं बोलणार नाही. या विधेयकावर माझ्याकडे चारशेच्या वर पत्रं आलीयत, ती विरोधात. बाजूने किती, माहितेय? अकरा. तुमचं धरून बारा. मी या लोकांची प्रतिनिधी आहे, बाई. माझ्या एकटीच्या मनाची नाही."

"आणि तुमच्या मनात काय आहे?"

मॅडमनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "पंधरा नंबरला पाठवा," त्यांनी सहायकाला सांगितलं.

घरी आल्यावर बाई सोफ्यावर धपकन बसल्या. "अख्ख्या शहरात आपल्यासारखे अकरा?"

"अकरा माणसं नाहीत गं," धाकटी म्हणाली. "अकरा पत्रं. आपणही बावीस वर्षं पत्र लिहिलं नव्हतंच की."

हे मात्र बाईंना पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांची वही काढली. गाडीतला नियम मोडायचा नव्हता, म्हणून धडे संपल्यावर संध्याकाळी त्या पायी निघायच्या. दारात उभं राहून सरळ सांगायच्या. "मी आणि धाकटी बहिणी नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे की तुम्हाला ठाऊक आहे. आता मॅडमना ठाऊक व्हायला हवंय. एक पत्र लिहाल?"

एकतीस वर्षं ज्या बाई रस्त्यावर गरजल्या, त्यांचा आवाज पहिल्या दारात चिरकला. ते दार खाटकाचं होतं. त्याने सुरी पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लिहायचा माझा बट्ट्याबोळ आहे. तुम्ही सांगा, बायको लिहील, मी अंगठ्यासकट सही करतो." मुख्याध्यापिकेने उभ्या उभ्या दोन पानं लिहून दिली आणि बाईंच्याच पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. पण सगळीकडे असं झालं नाही. किराणा दुकानदाराने हात जोडले. "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मला यात घेऊ नका. मला ते बरोबर वाटत नाही, आणि तोंडदेखलं लिहून देणं त्याहून बरोबर वाटत नाही." बाईंनी त्यावरही मान डोलावली. खोट्या सहीपेक्षा खरा नकार बरा. तीन घरांतून मुलींचे धडे बंद झाले. एका सकाळी स्कूलच्या पाटीवर कुणीतरी घाणेरडा शब्द खरडलेला सापडला. धाकटीने काचा पुसायच्या द्रावणाने तो घासून काढला, आणि घासताना आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या देखत शिवी दिली.

एका संध्याकाळी मात्र कुणीतरी आपण होऊन आलं. छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका, वय सत्तरीच्या पुढे, इस्त्रीचा शर्ट. आधी गाडीच्या परीक्षेबद्दल काहीबाही विचारत राहिले. मग म्हणाले, "माझा एक मित्र होता. समोरासमोरच्या घरांत राहिलो आम्ही, चाळीस वर्षं. मध्ये फक्त रस्ता. तो गेला तेव्हा त्याच्या पुतण्यांनी मला विचारलं, काका, तुम्ही त्यांना ओळखत होता का?" त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. "पत्राची सुरुवात कशी करायची असते?"

"हेच लिहा," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद-पेन काकांपुढे सरकवलं.

दर मंगळवारी बाई रांगेत बसायच्या आणि त्या आठवड्याची पत्रं सहायकाच्या हातात द्यायच्या. कधी सात, कधी वीस. सहायकाने विषय विचारणं सोडून दिलं. "लग्न," तो आपणच लिहायचा, आणि पंख्याखालची खुर्ची आजोबा आले नसतील तर बाईंना द्यायचा.

अशातच एका दिवशी स्कूलचा फोन वाजला.

"तुम्ही शिकवता ना? मला शिकायचंय." आवाज मॅडमचा होता. त्यांची आई तासाभराच्या अंतरावर राहायची, अलीकडे तिची तब्येत तोळामासा होती. सरकारी गाडी घरच्या कामाला घ्यायची नाही हे मॅडमचं तत्त्व, आणि नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. "दर वेळी कुणाचे तरी पाय धरावे लागतात. तुमचा तो स्कूलचा छापील कागद टेबलावर होता, नंबर सापडला."

धाकटीने ऐकलं आणि टाळीच वाजवली. "देव पावला! आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, पट्टा लावून बसलेली! सोडू नकोस आता."

"गाडीत गाडीचंच."

"अगं, नियम तू केलास. तुलाच मोडता येईल."

"नाही मोडणार."

"हट्टी आहेस. म्हैस परवडली!"

"ऐक माझं. त्या खुर्चीत माणूस घाबरलेलं असतं. घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. असला हो घेऊन काय करू? मला त्यांनी आपल्या कार्यालयातल्या खुर्चीत बसून म्हटलेला हो पाहिजे."

त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी धाकटीने न विचारता कॉफी पुढे ठेवली आणि विषय संपला.

मॅडम शिकायला यथातथाच होत्या. सभागृहात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई चौकात गाडी बंद पडली की शाळकरी पोरीसारखी रडकुंडीला यायची. "क्लच! क्लच, मॅडम!" बाई ओरडायच्या, आणि मॅडमही निमूट ऐकायच्या. मंगळवारी दुपारी त्याच दोघी टेबलाच्या दोन बाजूंना असायच्या. तिथे बाई टोकन घेऊन उभ्या राहायच्या आणि गाडीचा चकार शब्द काढायच्या नाहीत.

सहाव्या आठवड्यात, सकाळी गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर, मॅडमनी स्वतःहून गाडी कडेला घेतली. इशारा दिला, आरशात पाहिलं, गाडी थांबवली. सगळं बिनचूक.

"छान," बाई म्हणाल्या. "का थांबलात?"

"तुम्ही इथे कधीच का बोलत नाही? मी दर वेळी वाट बघते, आज बोलाल, आज बोलाल."

"गाडीत गाडीचंच बोलते मी. सगळ्यांशीच."

मॅडमनी किल्ली फिरवली, दार उघडलं आणि खाली उतरून उभ्या राहिल्या. "या. आता गाडीबाहेर आहोत."

बाई उतरल्या. समोर पत्र्याची लांबच लांब भिंत, आणि गोदामाचा एक पहारेकरी दात घासत दोघींकडे बघत होता.

"एकच विचारते," मॅडम म्हणाल्या. "बावीस वर्षं तुम्ही एकत्र राहताय. कुणी हाकललं नाही. कायदा झाला तर तुमच्या घरात बदलणार काय?"

उत्तर पाठ नव्हतं.

"मॅडम, माझा एक चुलतभाऊ आहे. भला माणूस आहे, भांडण नाही. पण उद्या मी मेले तर घरावर तो हक्क सांगू शकतो. धाकटीने त्या घराच्या भिंती चार वेळा रंगवल्यात. तो तिला म्हणू शकतो, बाई, महिनाअखेर खोली रिकामी करा. तो म्हणणार नाही बहुतेक. पण तिने त्याच्या भलेपणावर का जगायचं? मृत्युपत्र करता येतं, ते केलंय आम्ही, पण रक्ताचा नातेवाईक तेही कोर्टात खेचू शकतो. आणि दवाखान्यातल्या खिडकीवर मृत्युपत्र दाखवून चालत नाही, तिथे माणूस जिवंत असतं." मग एकदम लाजून लाल होत त्या म्हणाल्या, "आणि दुसरं म्हणजे, मला लग्न करायचंय हो. एवढंच. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांना आहेराची पाकिटं दिली. मला पंचावन्नाव्या वर्षी नटायचंय. लोकांनी जेवायला यावं आणि मीठ कमी पडलं म्हणून नावं ठेवावीत, असं वाटतं मला."

मॅडम हसल्या. मग हसू मावळलं. "काल तुमच्या गठ्ठ्यात एक पत्र होतं," त्या म्हणाल्या. "बाहेरगावचं. माझ्या मतदारसंघातलंही नाही. 'मी बहिणीसाठी सही केली. मला तिचा रक्तगट माहीत नव्हता. जिला माहीत होता तिची सही चालली नाही. हे मला बरोबर वाटत नाही.' चार ओळी."

बाईंना हे नवीन होतं. धाकटीने कळवल्यावर भावाने पत्र तिच्याकडे टपालाने पाठवलं होतं, आणि तिने मुकाट्याने ते गठ्ठ्यात सरकवून दिलं होतं.

"मी काय करेन ते आज सांगत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी विचारलंही नाही," बाई म्हणाल्या. "बसा. अजून वीस मिनिटं आहेत, आणि तुमचं रिव्हर्स फार वाईट आहे."

मतदानाच्या दिवशी चष्म्याच्या दुकानातला टीव्ही चालू होता. मालकाने "एक दिवस काचा थांबतील" म्हणून धाकटीला बाहेरच बसवलं. खाटीक आला, मुख्याध्यापिका सुट्टी टाकून आली, छापखान्याचे काका कोपऱ्यातल्या डोळे तपासायच्या खुर्चीत ताठ बसले. चष्म्याचा नंबर तपासायला आलेली दोन गिऱ्हाइकंही थांबून राहिली.

मॅडम दोन मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, "माझ्याकडे विरोधात चारशे चाळीस पत्रं आली आणि बाजूने एकशे शहाऐंशी. नुसतं मोजायचं असतं तर मी आज गप्प बसले असते. पण मी ती सगळी वाचली. विरोधातल्या पत्रांत पुढे काय होईल याची भीती होती. बाजूने आलेल्या पत्रांत काय होऊन गेलं ते लिहिलं होतं, तारखेसकट. ज्यांना भीती वाटते त्यांनाही मी भेटणार आहे, दर मंगळवारी. माझं मत बाजूने आहे."

विधेयक चार मतांनी पुढे गेलं. दुकानात खाटकाने शिट्टी मारली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि धाकटीला म्हणाले, "ही काच जरा बघतेस का गं, धूसर दिसतंय." धाकटीने काच बघितली नाही, त्यांचा हात धरला. बाई तेव्हा रस्त्यावर होत्या, परीक्षा तोंडावर आलेल्या एका मुलीला चढावर गाडी उभी करायला शिकवत होत्या. धाकटीचे सात फोन आले, बाईंनी एकही उचलला नाही. धडा संपल्यावर गाडी लावली, खाली उतरल्या, आठवा फोन घेतला, आणि भर रस्त्यात बसकण मारली.

मॅडम ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मात्र पहिल्या वेळी नापास झाल्या. रिव्हर्समध्ये. दुसऱ्या वेळी पास झाल्या आणि त्याच दुपारी एकट्याच आईकडे गेल्या. पोहोचल्यावर बाईंना फोन करून कळवलं.

काम अजून संपलेलं नाही. वरच्या सभागृहाचं मत उन्हाळ्यानंतर व्हायचंय, आणि तिथले नऊ जण अजून 'निर्णय झालेला नाही' म्हणतात. त्या नऊ जणांची यादी आता फ्रिजवर आहे. बंद पडलेल्या तीन धड्यांपैकी एका घरातली मुलगी परत आली, तिच्या आईने ओशाळं होऊन तिला पोहोचवलं. किराणा दुकानदाराचं मत बदललेलं नाही, पण सामान अजून तो आठवणीने धाकटीच्या पथ्याचंच काढून ठेवतो.

शनिवारी स्कूल बंद ठेवून दोघी बस पकडतात आणि दुसऱ्या शहरांत जातात. त्या नऊ जणांपैकी एकाचं कार्यालय शोधायचं, टोकन घ्यायचं, बसायचं. गेल्या शनिवारी धाकटी पहिल्यांदाच म्हणाली, "आज मी बोलते." खिडकीतल्या मुलीने विषय विचारला. धाकटीने घसा साफ केला, बाईंकडे एकदा वळून पाहिलं आणि आपल्या त्या बारीक आवाजात, पण मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं, सांगितलं, "लग्न. हिचं आणि माझं."